चीनमध्ये बारा वाजता

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

ही वही औषधांच्या दुकानातून फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. चालेल. फोनमध्येच लिहिलं असतं, पण फोनमधलं सगळं लवकरच पुसलं जाणार आहे आणि पुसणारा मीच आहे. म्हणून कागद.

मुद्दा असा. दर्ब गल्लफच्या बाजारात उस्ताद बूश्ताच्या टपरीवरचं एक स्टूल रिकामं झालंय. त्यावर बसणारा लार्बी बेल्जियमला गेला. फोन दुरुस्तीत उस्तादच्या तोडीचा माणूस अख्ख्या कासाब्लांकात नाही. काल त्याला विचारलं, मी बसू का. भिंगावरचा डोळा न काढता त्याने अट सांगितली. एक फोन घ्यायचा, स्वतःचा. त्यातली कंपनीची प्रणाली काढायची आणि मोकळी प्रणाली घालायची, जी जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय आणि फुकट मिळते ती. मग तो फोन आठ दिवस बिनतक्रार चालवून दाखवायचा. मुदत सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत. कंपन्या जुने फोन वाऱ्यावर सोडतात, तसले फोन घेऊन लोक रोज उस्तादकडे रडत येतात, आणि ईदच्या गर्दीआधी त्याला हे काम येणारा माणूस हवाय.

"या कामात हात कमी चालवायचा, थांबायचं जास्त," असंही म्हणाला.

थांबण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. आगादीरच्या बंदरात मी मासळीच्या बोटीची चार-चार तास वाट बघितलीय. (नंतर ती नोकरी सोडली. ते वेगळं.)

संकल्प: एक काम हातात घेतलं की ते संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. खाली गल्लीत कसला तरी गोंधळ चाललाय. बघून येतो.

१० फेब्रुवारी. दुपार.

काही नाही. गाढव होतं.

कामाला सुरुवात केली. सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा बोट मारलं की फोन म्हणतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. झालो. शाळेत एकेका इयत्तेला दोन-दोन वर्षं लागली, इथे सात टिचक्या.

पुढची पायरी बूटलोडर. हा फोनचा चौकीदार. फोन सुरू होताना सगळ्यात आधी हा जागा होतो आणि ज्या प्रणालीवर कंपनीची सही असेल तिलाच आत सोडतो. मोकळी प्रणाली घालायची तर आधी याचं कुलूप उघडायचं, आणि त्यासाठी कंपनीचीच परवानगी लागते. कंपनी चीनची. रोज थोड्याच लोकांना परवानगी, आणि ती वाटायला सुरुवात होते चीनमध्ये रात्री बारा वाजता. काही सेकंदांत कोटा संपतो म्हणे. चीनचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. पाचला मी मोकळाच असतो. उद्या काम फत्ते.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

पावणेपाचला बाजारात जायला निघालो. उस्तादकडचं वायफाय चांगलं, म्हणून बटण तिथेच दाबायचं ठरवलंय. वाटेत तीनचाकी गाडीवर एक माणूस डबल बेड घेऊन चालला होता आणि बेडवर त्याची सासू बसली होती. एका हाताने बेड धरायला कोणीतरी हवं होतं. शहराच्या पार टोकाला, सिदी मूमेनपर्यंत गेलो. चांगली माणसं, त्यांनी जेवायला घातलं. घड्याळ बघितलं तेव्हा साडेसात.

उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

झोप लागली. यात माझी चूक शून्य. ताईने डाळीचं सार केलं होतं, त्यावर ऑलिव्हचं तेल. असलं खाल्ल्यावर कोण जागं राहील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

वेळेवर पोचलो. बटणावर बोट ठेवून उभा. उस्तादच्या समोरची टपरी सौमियाच्या मामाची, पण चालवते सौमिया. फोनची कव्हरं, काचा, चार्जर. तिने विचारलं, पुतळा झालायस का. मी तिला सगळं समजावून सांगितलं, कोटा, चौकीदार, बीजिंग. तिने नीट ऐकलं. मी शिकवतो चांगलं, हे कबूल करायला हवं. समजावून संपलं तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

स्क्रीनवर आलं: आजचा कोटा संपला, उद्या या.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

काल आणि आज, दोन्ही दिवस हुकलं. चिनी लोकांना एवढी घाई कशाची, कळत नाही.

घरात शांतता नाही. मी ताईकडे राहतो, म्हणजे गिझलानकडे. तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. बाकी घरात तिची सासू, लल्ला तामू. ताईने आज विचारलं की तुझ्याकडे चालता फोन आहे, तो उघडून पुन्हा चालता करायचा, मग मधे झालं काय. तिला स्वातंत्र्य ही गोष्ट समजावायला गेलो. ती म्हणाली, स्वातंत्र्यच ना, मग दळण आणतोस का.

लल्ला तामूचा आणखी एक प्रकार. तिच्या खोलीत गजराचं एक घड्याळ आहे, ते बाराही महिने जुन्या तासावर चालतं. सरकारने घड्याळ एक तास पुढे नेलं ते तिला मान्य नाही. तिच्याकडे चार वाजतात तेव्हा जगात पाच वाजलेले असतात. मी तिला समजावलं, की लल्ला, सगळ्या देशाने घड्याळ बदललंय. ती म्हणाली, देशाला सांग माझ्याकडे येऊन विचारायला.

अशा वातावरणात मी तंत्रज्ञान शिकतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. एल जदीदा.

इथे फक्त फ्रिज चढवायला आलो होतो, मित्राचा. चौथा मजला. उद्या परत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

परत आलो. जदीदात पाच वाजता दोनदा प्रयत्न केला, पण समुद्रावर नेटवर्क नव्हतं. समुद्रावर का गेलो, हा प्रश्न ताईने विचारला. तिला कामाची पद्धत कळत नाही.

शुक्रवार असल्याने कुस्कुस होता. जेवताना मनाशी पक्कं केलं, आता भटकणं बंद. उस्तादच्या स्टुलावर सोमवारी एक पोरगा बसला होता म्हणे, फास शहरातला. सौमियाने सांगितलं. उस्तादने त्याला दुपारीच घालवला, त्याचा हात थरथरत होता. म्हणजे स्टूल अजून रिकामं आहे, पण लोकांच्या नजरा आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार.

रमजान तोंडावर आला म्हणून आज पहाटे सरकारने घड्याळं एक तास मागे नेली. ईद झाली की पुन्हा पुढे. दरवर्षीचं आहे. पण यंदा माझ्यापुरता प्रश्न मोठा: चीनचे बारा आता आपले किती?

मी गणित केलं. आपण एक तास मागे गेलो, म्हणजे चीन आपल्यापेक्षा एक तास पुढे सरकला. पुढे म्हणजे अधिक एक. पाचाचे सहा. खात्रीसाठी कॅफेत विचारलं. कॅफेवाला म्हणाला पाचच, चीनला आपल्या रमजानशी काय देणंघेणं. वेटर म्हणाला चार. पेपर वाचणारे एक मास्तर म्हणाले, जुन्या तासाने विचारतोस की नव्या? मी म्हटलं आता जो चालू आहे त्याने. ते म्हणाले, आता चालू आहे तो जुना, पण गेल्या आठवड्यात तो नवा होता, आणि हे म्हणून परत पेपर वाचू लागले.

मी माझ्या गणितावर ठाम राहिलो. बरोब्बर सहाला दाबलं. कोटा संपला.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

पाचला दाबलं. संपला.

चिनी कंपनी माझ्याविरुद्ध आहे, असं वाटायला जागा आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

उस्तादने आज भिंग काढून माझ्याकडे बघितलं. ही मोठी गोष्ट. मी त्याला तासांचा सगळा घोळ सांगितला. तो बराच वेळ हसत होता, आवाज न करता, फक्त पोट हलत होतं.

म्हणाला, "अरे बाबा, चीन घड्याळ हलवत नाही. तुझ्या ताईची सासूही हलवत नाही. म्हातारीचे चार वाजले की चीनचे बारा. वर्षभर. कागदपेन्सिल कशाला हवी होती?"

हे मला अर्थात दिसत होतंच. मी फक्त दुसऱ्या बाजूने येत होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

मिळाली. परवानगी मिळाली.

सविस्तर लिहितो. आता सगळ्यांच्याच घड्याळात लल्ला तामूचीच वेळ आहे, तरी मी दुसऱ्या कुठल्या घड्याळावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. तिचंच घड्याळ मागितलं. तिने अट घातली, उलटं धरायचं नाही, नाहीतर थांबतं. काखेत सरळ धरून बाजारापर्यंत चालत गेलो. सौमियाने विचारलं, हे विकायला आणलंस की दुरुस्तीला. तीन वाजून एकोणसाठला बोट तयार. काटा चारवर आला तसा मी ओरडलो, चीनमध्ये बारा वाजले, आणि दाबलं.

सगळ्या गल्लीने मागे वळून बघितलं. स्क्रीनवर हिरवी खूण.

आता फक्त बहात्तर तास थांबायचं. कंपनीचा नियम. तेवढ्यात तुमचं मन बदललं तर, असं काहीतरी. माझं मन बदलत नाही. बहात्तर तास म्हणजे तीनच दिवस.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

अठरा तास झाले. अठरा तास चाळीस मिनिटं. शंका आली म्हणून आणखी एकदा बघितलं. अठरा तास एकेचाळीस.

पायी बंदरापर्यंत जाऊन आलो. तरी एकवीसच.

१ मार्च, शनिवार. सकाळी साडेदहा.

सहासष्ट तास झाले होते. सहाच उरले होते. पण आकडा अडकल्यासारखा वाटला. मला वाटलं, कंपनीच्या खात्यातून एकदा बाहेर पडून परत आत गेलं की आकडा ताजा होईल. बाहेर पडलो. आत गेलो.

आकडा ताजा झाला. बहात्तर.

उस्तादला सांगितलं नाही. सौमियाला सांगितलं, कारण तिने विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या हाताला मोजे घाल ना." तेवढ्यात तिच्याकडे गिऱ्हाईक आलं.

२ मार्च, रविवार. पहिला रोजा.

सिगरेट नाही, कॉफी नाही, पाणी नाही, आणि वर थांबायचं. दुपारी दोन टॅक्सीवाल्यांचं भांडण सोडवलं. नंतर कळलं की ते भांडत नव्हते, भाऊ होते. मग तिघं मिळून भांडलो.

४ मार्च, मंगळवार.

बहात्तर तास पूर्ण. यावेळी फोन ताईकडे ठेवायला दिला होता. तिने पिठाच्या डब्यात ठेवला. चार्जिंगच्या भोकातून अजून थोडं पीठ निघतंय, पण शिस्त म्हणजे शिस्त.

आता कुलूप उघडायला कंप्युटर हवा. उस्तादने त्याचा लॅपटॉप दुपारच्या वेळेत वापरायला दिलाय.

६ मार्च, गुरुवार.

लॅपटॉपला फोन दिसतच नाही. काल लॅपटॉपची प्रणाली बदलली, फोन ओळखणारे ड्रायव्हर बदलले, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, फोनवर एकदा ओरडून, रागावून बघितलं. उस्ताद दुसऱ्यांच्या फोनांचे स्क्रू काढत बसतो. मला वाटतं तो माझं कसब बघतोय.

८ मार्च, शनिवार.

केबल. माझी केबल फक्त चार्जिंगची होती, आतून माहिती जातच नव्हती. सौमियाने तिच्या टपरीवरची एक केबल फेकली आणि म्हणाली, ही लावून बघ. तिला कसं सुचलं, कुणास ठाऊक. माझं ऐकून-ऐकून काहीतरी डोक्यात राहत असणार.

कुलूप उघडलं. चौकीदार गेला. त्याबरोबर फोनमधलं सगळं पुसलं गेलं, तान्जेरचे फोटो, जदीदाचा फ्रिज, सगळ्यांचे नंबर. हे आधीच माहीत होतं. हलकं वाटतंय. ताईचा नंबर पाठ नाही, पण ती घरातच असते.

१२ मार्च, बुधवार.

जमलं. तीन दिवसांत चार वेळा फसलं, पाचव्यांदा मोकळी प्रणाली सुरू झाली. स्वच्छ. जाहिरात नाही, कंपनीचं काही नाही. जुना फोन घोड्यासारखा पळतो. उस्तादने फोन हातात घेतला, इकडे तिकडे बोट फिरवलं, परत दिला.

म्हणाला, "चांगला झालाय. आता याला हात लावू नकोस. कुलूप उघडं आहे ते उघडंच राहू दे. आठ दिवसांनी आण."

आठ दिवस म्हणजे वीस तारीख. मुदत अठ्ठावीसला. मी वेळेच्या आधीच पोचतोय. आयुष्यात पहिल्यांदा, असं ताई म्हणाली असती. म्हणून तिला तारखा सांगितल्या नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार.

एकच बारीकसं खुपतंय. फोन सुरू होताना पहिली पाच सेकंदं काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक इशारा येतो. अर्थ असा: या फोनचं कुलूप उघडं आहे, यावर भरवसा ठेवू नका.

लल्ला तामूने विचारलं, काय लिहिलंय. मी खरं सांगितलं. तिने फोन टेबलावरून उचलला आणि व्हरांड्यात नेऊन ठेवला. म्हणाली, ज्याच्या कपाळावर असं लिहिलंय त्याला मी घरात का घेऊ.

१६ मार्च, रविवार.

फोन उत्तम चालतोय. इशारा जातो का बघायला आज फक्त अकरा वेळा बंद-चालू केला.

उस्तादच्या टपरीवर गिऱ्हाइकांसमोर हा फोन सुरू करायचाय, आणि पहिलं वाक्य काय येणार? भरवसा ठेवू नका. लोक फोनबद्दल वाचतील की माझ्याबद्दल?

१८ मार्च, मंगळवार.

इंटरनेटवर शोधलं. हा इशारा घालवण्याचा उपाय आहे. बूटलोडरला परत कुलूप लावायचं. एक ओळ टाइप करायची, बस. मग फोन एकदम अब्रूदार दिसतो. उस्तादने उघडं ठेव म्हटलं, पण त्याचा अर्थ बहुतेक असा होता की घाई करू नकोस. आणि घाई मी केलेलीच नाही. पुरे सहा दिवस थांबलोय.

परवा दाखवायचं. उद्या बसून नीट, पूर्ण पान वाचायचं. एकही ओळ गाळायची नाही.

१९ मार्च, बुधवार. दुपारी चार.

वाचायला बसलो. लॅपटॉप ताईच्या नवऱ्याचा, तो आज घरी आहे. पान लांब आहे पण भाषा सोपी.

संध्याकाळी सहा पंचवीस.

मधे जरा बाहेर जावं लागलं. गल्लीत पोरं फुटबॉलसारखं काहीतरी खेळत होती, त्यांना नियमच माहीत नव्हते. आता परत पानावर. कुलूप लावण्याची ओळ सापडली. त्याच्या वर जाड अक्षरात लिहिलंय: "कुलूप लावण्याआधी खात्री करा की"

अजान झाली. उपास सोडून येतो.

सात वाजून दहा.

खजूर, हरीराचं सूप, दोन अंडी, मधात बुडवलेली शबाकिया. आता डोकं जाग्यावर. ते वाक्य खात्रीबद्दल होतं, आणि मला खात्री आहे. पुढच्या ओळीपासून सुरुवात करतो.

सात वाजून पंचवीस.

ओळ टाइप केली. फोनने विचारलं, नक्की? आवाज वाढवायच्या बटणाने हो म्हणायचं होतं. म्हटलं.

सात वाजून अठ्ठावीस.

इशारा गेला.

सात वाजून तीस.

इशाऱ्याच्या जागी दुसरं काही आलंय. प्रणाली नष्ट झाली आहे, फोन बंद करा.

आठ.

ते राहिलेलं वाक्य वाचलं. कुलूप लावण्याआधी खात्री करा की फोनमध्ये कंपनीचीच मूळ प्रणाली आहे. नसेल तर चौकीदार परत जागेवर येतो, समोर परकी प्रणाली बघतो आणि फोन कायमचा बंद करतो. आता तो फक्त कंपनीचा अधिकृत माणूस उघडू शकतो.

ताईने विचारलं, आणखी हरीरा वाढू का. हो म्हटलं.

२० मार्च, गुरुवार.

सकाळी बाजारात गेलो. वाटेत काही बघितलं नाही. काहीतरी होतं, लोक जमले होते, पण थांबलो नाही.

उस्तादने फोन घेतला, बटण दाबलं, ते एक वाक्य वाचलं. मी सांगू लागलो की पान लांब होतं, अजान झाली, भाषांतर नीट नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चालत होता ना?" मी म्हटलं, फार छान चालत होता. "मग?" मी म्हटलं, तो इशारा बरा दिसत नव्हता.

त्याने फोन माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "पोरा, रोज इथे लोक चांगले चालणारे फोन घेऊन येतात आणि म्हणतात, जरा बघा. आपलं निम्मं काम त्यांना परत पाठवायचं असतं. तुला कसं बसवू मी?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

तेवढ्यात सौमिया तिचा फोन घेऊन आली. तिने तो उस्तादपुढे ठेवला आणि सुरू केला. काळा पडदा, पाच सेकंदं, भरवसा ठेवू नका, आणि मग मोकळी प्रणाली. पंधरा दिवस झाले म्हणे चालवतेय. मी विचारलं, परवानगी कधी मिळाली? ती म्हणाली, "सव्वीसला. तू घड्याळ काखेत घेऊन गावभर बोंब ठोकलीस ना, बारा वाजले म्हणून? तेव्हाच मीही दाबलं."

मग बहात्तर तास? ती म्हणाली, टपरीवर बसलं की ते जातातच.

इशाऱ्याचं काय, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, पाच सेकंदं तर असतो.

उस्तादने स्टुलावरचा स्क्रूंचा डबा उचलून खाली ठेवला आणि तिला म्हणाला, बस.

२१ मार्च, शुक्रवार.

घरीच. लल्ला तामूने विचारलं, तो फोन कुठाय. बंद पडला म्हटलं. ती म्हणाली, मग आत आणून ठेव आता. तिच्या शेजारी टेबलावर ठेवला. दुपारी तिच्याशेजारी बसून कुस्कुससाठी भाजी निवडली. तासभर कुठेही गेलो नाही. कोणी मोजलं नाही ते.

२२ मार्च, शनिवार.

नोंद करून ठेवतो: आजपासून दर्ब गल्लफमध्ये माझी स्वतःची खुर्ची आहे.

सौमिया उस्तादकडे गेल्याने तिच्या मामाला कव्हरांच्या टपरीवर माणूस हवा होता. तिनेच माझं नाव सांगितलं. टपरी उस्तादच्या बरोब्बर समोर आहे, म्हणजे तसं बघितलं तर मी उस्तादकडेच लागलोय, फक्त मधून वाट जाते. इथून सगळं काम दिसतं. सौमिया आज भिंग लावून बसली होती. माझी पहिली विद्यार्थिनी. दोनदा हात हलवून बोलावलं, तिचं लक्ष नव्हतं.

खुर्चीला पाठ आहे, हे लार्बीच्या स्टुलाला नव्हतं.

दिवसभरात गिऱ्हाईक एकच, मीच. माझ्या फोनला एक कव्हर घेतलं, काळं, जाड, चारी कोपरे सांभाळणारं. मामाने फोन उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हा चालू तरी होतो का? मी म्हटलं, नाही. पण पडायला फोन चालू असावा लागत नाही.